घोडा कोणाचा? मोबाइलमधली फौज, सभासदाची शिडी आणि माहुलीचा गड



दिवाळीत मुरबाड तालुक्यातल्या मामाच्या गावी गेले होते. घरात रेंज धड येत नाही, म्हणून अकरावीतला मामेभाऊ ओट्याच्या एका ठरावीक कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसलेला. मध्ययुगीन लढायांचा ऑनलाइन गेम चालला होता. गाव वसवायचं, धान्य आणि लाकूड साठवायचं, बराक बांधायची, सैनिक भरती करायचे, आणि पुरेसं सोनं जमलं की त्यांना अपग्रेड करायचं. मी बघत असतानाच त्यानं एक बटण दाबलं आणि साध्या भालेवाल्यांच्या अंगावर चिलखतं चढली. सगळ्यांच्या, एकाच वेळी.

"ताई, महाराजांच्या फौजेत पण असंच होतं ना? आधी पाईक, मग नाईक, मग हवालदार?"

"हो, साधारण असंच," मी म्हटलं. अगदी ठामपणे म्हटलं, कारण त्याच महिन्यात मी माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण गाईड सरांकडे दिलं होतं आणि त्यात नेमकं हेच लिहिलं होतं. ते प्रकरण परत आलं तेव्हा माझ्या लाडक्या तक्त्याशेजारी पेन्सिलीनं एकच ओळ होती: या शिडीवरून एक तरी माणूस वर चढताना तुम्हाला कुठल्या कागदात दिसला का?

नव्हता दिसला. आजची पोस्ट त्या एका ओळीबद्दल आहे. पेटची तयारी करणाऱ्या, किंवा विषय ठरवून आराखडा लिहायला बसलेल्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या वाटेत हा खड्डा येणार आहे.

आधी तो तक्ता काय होता ते सांगते, कारण तो खरोखर मोहात पाडणारा आहे. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत फौजेची रचना दिली आहे. घोडदळात पंचवीस बारगीरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी आणि सर्वांवर सरनौबत. गुणाकार करून बघा. एका जुमल्यात १२५ घोडेस्वार, आणि हजारीच्या हाताखाली प्रत्यक्षात १,२५०. नाव हजारी, माणसं साडेबाराशे! पायदळात नऊ-दहा माणसांवर नाईक, पाच नाइकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. पगारही दिलेले आहेत. घोडदळातल्या जुमलेदाराला सालाचे ५०० होन, हजारीला १,०००, पंचहजारीला २,०००. पायदळातला जुमलेदार मात्र १०० होनांवर. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. शिवाय वरच्या प्रत्येक टप्प्यावर हिशेब ठेवणारा कारकून. गेममध्ये पाणक्या नसतो, नाल ठोकणारा नसतो, कारकून तर नसतोच. सभासद यातलं काहीच विसरत नाही.

अशी माहिती हातात आली की माणूस चौकटी आखायला लागतो. मीही आखल्या. खालून वर बाण काढले आणि शीर्षक दिलं: 'बढतीची रचना'. चूक त्या बाणांत होती. कोणाच्या वर कोण, एवढंच सभासद सांगतो. खालचा माणूस वर जातो का, कसा जातो, किती वर्षांनी, कोणाच्या शब्दावर, यातलं काही तो त्या जागी सांगत नाही. तालुक्याच्या कचेरीत शिपाई, कारकून, नायब तहसीलदार आणि तहसीलदार असतात; म्हणून शिपाई एक दिवस तहसीलदार होतो असं आपण म्हणतो का? रचनेचा तक्ता आणि बढतीचा मार्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या डोक्यात त्या एकत्र झाल्या त्या बहुतेक गेममुळेच. लहानपणी मीही 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग भरपूर खेळले आहे. तिथे ६० अन्न आणि २० सोनं दिलं की एक मिलिशिया उभा राहतो. पुढे किंमत मोजली की नकाशावरचे सगळे मिलिशिया एका झटक्यात वरच्या दर्जाचे होतात. कोणी मागे राहत नाही, कोणी नाराज होत नाही. चौकटीतला बाण मी तिथून उचलला आणि सतराव्या शतकात नेऊन चिकटवला.

शब्दांचाही घोळ असतो, तो इथेच सांगून टाकते. घोडदळातला हवालदार म्हणजे पंचवीस स्वारांचा प्रमुख. पण गडावरचा हवालदार म्हणजे गडाचा मुख्य अधिकारी. शब्द एकच, वजन किती वेगळं! आणि आज पोलीस ठाण्यातल्या हवालदारावरून तुम्ही मागे जायला लागलात तर आणखी तिसरीकडेच पोचाल. जुमलेदार आणि जमादार हेही वेगळे शब्द आहेत, त्यांना एका टोपलीत टाकू नका. कागदात पदनाम दिसलं की आधी विचारायचं: कुठला? गडाचा, पागेचा की हशमांचा?

आता मुख्य गोष्ट. सभासदाच्या तक्त्यात घोडदळाचे दोन प्रकार आहेत, बारगीर आणि शिलेदार. बारगीराला घोडा सरकारचा, हत्यार सरकारचं, वर पगार. शिलेदार आपला घोडा आणि आपली हत्यारं घेऊन चाकरीला येतो आणि त्या हिशेबानं मोबदला घेतो. मामेभावाला विचारलं, यातला वरच्या लेव्हलचा कोण? तो क्षणात म्हणाला, "शिलेदार! त्याच्याकडे स्वतःचा घोडा आहे." माझ्या पहिल्या मसुद्यातही बारगीर खाली, शिलेदार वर आणि मध्ये बाण होता.

सभासद मात्र उलट सांगतो. त्याच्या मते पागा हे फौजेचं खरं बळ, आणि शिलेदारांना पागेच्या दाबाखाली ठेवायचं. कारण साधं आहे आणि शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला लगेच कळेल. ज्याच्या घरी एकच बैलजोडी आहे तो ती चिखलात किती घालेल? शिलेदाराचा घोडा पडला तर त्याची सगळी पुंजी पडली. लढाईत तो आधी घोड्याकडे बघणार, मग शत्रूकडे. बारगीराचा घोडा पडला तर सरकारचा पडला, त्याला दुसरा मिळतो. शिवाय ज्याचा घोडा सरकारचा, तो रागावून दुसऱ्याच्या चाकरीत निघून गेला तरी घोडा मागे राहतो. शिलेदार गेला की सगळंच गेलं.

म्हणजे 'वरचा' कोण याचं उत्तर तुम्ही कोणाच्या जागी उभे आहात यावर ठरतं. घरच्या माणसांच्या नजरेतून पाहिलं तर बारगीरानं चार पैसे गाठीला बांधून स्वतःचा घोडा घ्यावा आणि शिलेदार व्हावं, ही मोठीच झेप. गावात मान, घोड्याच्या हिशेबानं मोबदला, स्वतःचं नाव. राज्याच्या नजरेतून पाहिलं तर तोच माणूस आता कमी भरवशाचा झाला. गेममध्ये हा प्रश्नच उठत नाही, कारण तिथे सैनिकाला घर नाही. सगळं एकाच खेळाडूच्या मालकीचं आहे, त्यामुळे अपग्रेड म्हणजे अपग्रेड. इतिहासात प्रत्येक अपग्रेडला दोन बाजू असतात आणि आपला कागद बहुतेक वेळा एकच बाजू बोलतो.

इथून पुढे मला सरांच्या पेन्सिलीची खरी धार कळली. सभासदानं हे लिहिलं कधी? महाराजांच्या निधनानंतर, १६९० च्या दशकात, जिंजीला, राजाराम महाराजांसाठी. जिंजीला मुघलांचा वेढा होता. महाराष्ट्रात लढाई चालू होती ती मोठ्या प्रमाणात आपापल्या पथकांनिशी लढणाऱ्या सरदारांच्या जोरावर, आणि त्यांना वतनांची-सरंजामांची आश्वासनं द्यावी लागत होती. म्हणजे फौज घोड्यांच्या मालकांच्या हातात चालली होती, नेमक्या त्या काळात एक जुना, अनुभवी माणूस धाकट्या राजाला सांगतो आहे की थोरल्या महाराजांच्या वेळी पागा भक्कम होती आणि शिलेदार तिच्या धाकात होते. हे वाक्य फक्त माहिती देणारं आहे की त्यात सल्लाही आहे? मला दोन्ही वाटतं. त्याच बखरीतले आकडे बघा: पागा ४५,००० आणि शिलेदार ६०,०००. आकडे तंतोतंत खरे धरायची गरज नाही. पण स्वतः सभासदाच्याच हिशेबात 'दाबाखाली ठेवायचे' लोक दाब ठेवणाऱ्यांच्या सव्वापटीहून जास्त आहेत. नियमाच्या कागदात व्यवहार असा फटीतून डोकावतो. ती फट दिसली की थांबा, तिथे तुमचं प्रकरण असतं.

याला नंतरचं शेपूटही आहे. इंग्रजांनी ही शिलेदारी उचलली आणि आपल्या घोडदळात 'सिलेदार पद्धत' म्हणून चालवली. १८१७ साली उभा राहिलेला पूना हॉर्स हा त्याच घराण्यातला. पहिल्या महायुद्धात एवढ्या घोड्यांची आणि सामानाची भरपाई स्वारांनी स्वतः करणं शक्य नाही हे उघड झालं, आणि त्यानंतर ती पद्धत मोडीत निघाली. घोडा कोणाचा, हा प्रश्न अडीचशे वर्षं पुरला.

आता शहापूरकडे येते, कारण हे सगळं कागदावरच राहिलं असतं तर मला ते इतकं टोचलं नसतं.

कसारा लोकलनं आसनगावला उतरलात की समोर माहुली दिसतो. पळसगड, माहुली, भंडारगड असा तिहेरी डोंगर, सुळक्यांची रांग. माहुली गावातून चढायला लागलं की शेवटच्या टप्प्यात लोखंडी शिडी लागते. तिच्यावर उभं राहून मी पहिल्यांदा 'बढतीची शिडी' या शब्दावर मोठ्यानं हसले होते.

या गडानं फौजांची चाकरी बदलताना पाहिली आहे. १६३६ मध्ये शहाजीराजांनी निजामशाहीचा शेवटचा डाव इथूनच लढवला. मुघल आणि आदिलशाही, दोघांच्या फौजा उलटल्या, गड द्यावा लागला, निजामशाही संपली आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले. जानेवारी १६५८ मध्ये शिवाजी महाराजांनी माहुली घेतला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले द्यावे लागले त्यात माहुलीही गेला. १६७० मध्ये महाराजांनी एकेक गड परत घ्यायला सुरुवात केली. फेब्रुवारीत माहुलीवर रात्री माणसं चढवली. मुघलांचा किल्लेदार मनोहरदास गौड जागा होता. हल्ला फसला आणि मराठ्यांची सुमारे हजार माणसं पडली असा आकडा दिला जातो. पुढे हा गौड किल्लेदारी सोडून गेला, त्याच्या जागी दुसरा आला, आणि १६ जून १६७० ला मोरोपंत पिंगळ्यांनी गड जिंकला.

तारखा पाठ करायच्या असतील तर करा, परीक्षेत पडतील. पण माझं लक्ष त्या चार महिन्यांवर आहे. फेब्रुवारी ते जूनमध्ये मराठ्यांच्या बाजूनं नेमकं काय 'अपग्रेड' झालं होतं? सभासदाची रचना तीच, पगार तेच. बदलला तो वरचा एक माणूस, तोही शत्रूचा. एका जागत्या किल्लेदारावर तो गड उभा होता.

स्वराज्याच्या गडांवर हीच गोष्ट टाळायची धडपड दिसते. सभासद सांगतो की गडावर हवालदार, सरनौबत आणि सबनीस हे तिघं बरोबरीच्या दर्जाचे, वेगवेगळ्या जातींतले, आणि कारभार एकमेकांना विचारून. पुढे रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र तर या अधिकाऱ्यांच्या ठरावीक वर्षांनी बदल्या करा असं बजावतं: हवालदार तीन वर्षांनी, सरनौबत चार, सबनीस आणि कारखानीस पाच. गेममध्ये आपण एक 'हीरो' वाढवत नेतो, त्याच्यावरच सगळी शक्ती ओततो. इथे उलट काळजी घेतली जाते ती असा हीरो कुठल्याही गडावर तयार होऊ नये याची. माणूस अनुभवी झाला, रुळला, त्याची माणसं तयार झाली, की हलवा. माझ्या बाणांच्या तक्त्यात हे कुठे बसवणार?

आणि त्या तक्त्यात आणखी कोणीतरी नव्हतं. गडाच्या पायथ्याशी, चोरवाटांवर, घेऱ्यातल्या मेटांवर जागता पहारा करणारे कोळी, रामोशी, महार. त्यांचा मोबदला बऱ्याचदा जमिनीच्या रूपानं. गड त्यांच्या डोळ्यांवर टिकायचा, पण नाईक-हवालदार-जुमलेदार या उतरंडीत त्यांची पायरी मला सापडली नाही. माहुलीच्या रानात आज ज्यांच्या घरी पाणी मागून आपण पुढे चढतो, त्यांच्यातल्या कित्येकांचे पूर्वज हेच काम करत असणार. मी शहापूर-मुरबाडची मुलगी. माझा पहिला तक्ता माझ्याच गावकऱ्यांना वगळून पूर्ण झाला होता आणि मला तो सुबक वाटत होता.

भरतीबद्दल थोडक्यात. ग्रांट डफ आपल्या १८२६ च्या इतिहासात नोंदवतो की महाराज नवा माणूस स्वतः निरखून ठेवत आणि आधीपासून चाकरीत असलेल्याचा जामीन घेत. जामीन ही गोष्ट नीट समजून घ्या. माणूस पळाला, फितला, तर ज्यानं शब्द टाकला तो अडकणार. म्हणजे भरती गावातून, नात्यातून, ओळखीतून होणार आणि एका पथकात एकमेकांना धरून ठेवणारी माणसं येणार. गेममध्ये बराकीतून पाच सैनिक बाहेर येतात तेव्हा ते एकमेकांना ओळखत नसतात. इथे नाईक आणि त्याचे नऊ पाईक कदाचित एकाच विहिरीचं पाणी पिणारे. मोसमही धरायचा: पावसाळ्यात छावणी, दसऱ्याला बाहेर, आठ महिने मुलूखगिरी. निघताना प्रत्येकाच्या सामानाची यादी आणि परत आल्यावर पुन्हा झडती. गेममधल्या फौजेला धान्य लागतं, ते संपलं की माणसं मरतात, हे 'ट्रॅव्हियन'सारख्या खेळांनी बरं दाखवलं आहे. पण चार महिने पाऊस आहे म्हणून कोणी आपला गेम बंद ठेवत नाही.

मग बढती झाली नाही का? झाली, पण ती शोधायला तक्त्यातून बाहेर यावं लागतं. १६६६ मध्ये पन्हाळ्यावरच्या अपयशानंतर नेतोजी पालकरांचं सरनौबतपद गेलं आणि कुडतोजी गुजरांना ते मिळालं, 'प्रतापराव' या नावासकट. १६७४ मध्ये प्रतापराव नेसरीला पडले आणि हंसाजी मोहित्यांचे हंबीरराव झाले. वरचा दर्जा म्हणजे नवं नाव. हे झालं शिखरावरच्यांचं. खालच्यांसाठी सभासदाच्याच बखरीत एक जागा आहे, जी मी आधी दोनदा वाचून पुढे गेले होते, कारण ती माझ्या चौकटीत बसत नव्हती. अफजलखानाच्या प्रसंगानंतर काय वाटलं त्याची ती हकिगत आहे. सरदारांना हत्ती, घोडे, कडी, तुरे. जखमींना जखम बघून २००, १००, ५०, २५ होन. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतलं. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मं वेतन चालू केलं.

आता हे पंचवीस होन त्या पायदळाच्या जुमलेदाराच्या शंभर होनांशेजारी ठेवून बघा. आणि बापाच्या जागी आलेला तो मुलगा बघा. खालच्या माणसाला वर नेणारी, किंवा निदान खाली पडू न देणारी वाट इथे दिसते, आणि ती जखमेतून आणि मरणातून जाते. माझ्या नव्या मसुद्यात बाण काढून टाकले आहेत. त्यांच्या जागी ही हकिगत घेतली आहे. 'बढतीची रचना' हे शीर्षकही गेलं. आता आहे 'चाकरी, जामीन आणि भरपाई'. सरांनी अजून होकार दिलेला नाही, पण पेन्सिलीच्या ओळी कमी झाल्या आहेत.

एक शेवटची नोंद, सह्याद्रीच्या याच पट्ट्यातली. १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी याच डोंगरांतल्या महादेव कोळ्यांची एक पलटण उभारली. कॅप्टन नट्टल प्रमुख, माणसं सहाशेच्या घरात. कवायत ते भराभर शिकले. १८६१ मध्ये पलटण मोडली. थोडे पोलिसांत गेले, बाकीचे परत आपल्या शेता-मजुरीकडे. ज्या डोंगरी लोकांना जुन्या रचनेत मला पायरी सापडली नव्हती, त्यांना इथे पद, गणवेश, पगार सगळं मिळालं, आणि काही वर्षांत काढूनही घेतलं.

मामेभावाला भाऊबीजेच्या रात्री हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मोबाइल खाली ठेवला आणि विचारलं, "मग माहुलीवर फेब्रुवारीत जी माणसं पडली, त्यांच्या घरच्यांना पण निम्मं वेतन मिळालं असेल का?"

मी तो प्रश्न माझ्या वहीत लिहून घेतला आहे. पुढच्या महिन्यात पुण्याला अभिलेखागारात जायचं आहे, तेव्हा पहिली मागणी त्याच काळातल्या कागदांची करणार आहे.